नम्र व्हायचं म्हणजे रोज काय करायचं? नव्या विश्वासणाऱ्यांसाठी

ऐरोलीच्या आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर वर्षी चार-पाच नवी माणसं येतात. कोणी नगरहून किंवा जालन्याहून घणसोली-महापेला नोकरीसाठी आलेलं असतं, कोणी नुकताच बाप्तिस्मा घेतलेलं. कोणी जन्मापासून ख्रिस्ती असतं, पण बायबल मनापासून आत्ता कुठे उघडलेलं असतं. या लोकांबरोबर बसायचं काम पाळकसाहेबांनी माझ्याकडे दिलं, त्याला आता अकरा वर्षं झाली. पहिल्या महिनाभरात जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: "ताई, प्रार्थना जमते, वाचनही जमतं. पण ख्रिस्तासारखं वागायचं म्हणजे सोमवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं?"

प्रश्न रास्त आहे. 'नम्र व्हा' हे रविवारच्या संदेशातून, म्हणजे प्रवचनातून, शंभरदा कानावर पडतं. ते घरी, लोकलमध्ये, ऑफिसात कसं करायचं हे मात्र कोणी शेजारी बसून सांगत नाही. मी जे सांगते ते इथे क्रमाने लिहिते आहे. क्रम महत्त्वाचा आहे, तो माझ्या आणि बऱ्याच जणांच्या चुकांमधून ठरला आहे.

सुरुवात हातांपासून

बहुतेकांना वाटतं, नम्रता ही मनात येणारी भावना आहे, ती आली की वागणं आपोआप बदलेल. मग ते वाट बघत बसतात. योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढा आणि त्यातली फक्त क्रियापदं वाचा. प्रभू जेवणावरून उठला. बाहेरची वस्त्रं काढून ठेवली. कमरेला रुमाल बांधला. गंगाळात पाणी ओतलं. शिष्यांचे पाय धुऊ लागला, रुमालाने पुसू लागला. सगळी हातांची कामं. धुळीच्या रस्त्यावरून चालून आलेले पाय होते ते, आणि धुवायचं काम त्या काळी घरच्या दासाचं. आपल्याकडेही गावी पाहुणा आला की दारात तांब्याभर पाणी ठेवतात, पण पाहुण्याचे पाय यजमान स्वतः खाली बसून धूत नाही.

आणखी एक गोष्ट तिथे आहे, ती सुटू देऊ नका. रुमालाच्या आधी योहान सांगतो की आपण देवापासून आलो आणि देवाकडे जाणार, हे प्रभूला ठाऊक होतं. आपण कोण आहोत याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती, म्हणून खाली बसताना त्याला काही गमावल्यासारखं वाटलं नाही. तेव्हा "मी काय, मी तर धूळ, माझी काय लायकी" असं साक्षीत, म्हणजे मंडळीपुढे आपला अनुभव सांगताना, पुन्हा पुन्हा म्हणणं ही नम्रता नव्हे. त्यात सगळा वेळ 'मी'च बोलत असतो. नव्या माणसांना मी हे वाक्य वर्षभर वापरूच नका असं सांगते.

सकाळ: अकरा वचनं आणि एक नाव

फिलिप्पैकरांस पत्र, दुसरा अध्याय, 1 ते 11. महिनाभर रोज एवढंच, मोबाइल हातात घेण्याआधी, मोठ्याने. तीन मिनिटंही लागत नाहीत. ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, मरण सोसलं, हा सगळा उतार त्या अकरा वचनांत आहे. पौलाने हे तुरुंगातून लिहिलं, आणि लिहिलं ते एका चांगल्या, उदार मंडळीला. त्या मंडळीत युवदीया आणि सुंतुखे या दोन कष्टाळू भगिनींचं आपसात पटत नव्हतं, चौथ्या अध्यायात तो त्यांना नाव घेऊन विनंती करतो. म्हणजे इतका उंच विचार रोजच्या भांडणाच्या घरातच सांगितला गेला आहे.

वाचून झालं की एका कागदावर एक नाव लिहा. आज जे माणूस भेटणार आहे आणि ज्याच्यापुढे आपला ताठा उभा राहतो, त्याचं नाव. ऑफिसातला ज्युनियर असेल, सासूबाई असतील, सोसायटीचा सेक्रेटरी असेल. त्या माणसासाठी एक वाक्याची प्रार्थना करा. "त्याला सुबुद्धी दे" ही प्रार्थना चालणार नाही. त्याच्या कामासाठी, तब्येतीसाठी, मुलांसाठी काहीतरी मागा.

जीभ

याकोबाच्या पत्रातला पहिला अध्याय सांगतो: ऐकायला तत्पर, बोलायला धीमे, रागाला धीमे. यातून दोन छोटे सराव काढलेत.

पहिला, समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ द्यायचं. इतकंच. दिवसात तीन वेळा ठरवून करून बघा. मला स्वतःला हा सराव सगळ्यात जड जातो.

दुसरा, सोसायटीच्या किंवा ऑफिसच्या ग्रुपवर रागाने लिहिलेला मजकूर रात्रभर तसाच ठेवायचा. पार्किंग, टँकरचं पाणी, मेंटेनन्सची थकबाकी, यांवर रात्री साडेदहाला लिहिलेलं सकाळी पाठवावंसं वाटत नाही. आणि एखाद्या विश्वासणाऱ्याबद्दल तक्रार असेल तर मत्तयाच्या अठराव्या अध्यायाप्रमाणे आधी त्याच्याकडे एकट्याने जायचं. "प्रार्थनेसाठी सांगतेय हं" असं म्हणून चार जणींना सांगितलेली गोष्ट चहाडीच असते. हे कठोर वाटेल, पण मी मंडळ्या यातूनच फुटताना पाहिल्यात.

लोकलमध्येही सराव होतो. ठाण्याहून आलेली ट्रान्सहार्बरची गाडी ऐरोलीला येते तेव्हा महिलांचा डबा भरलेला असतो. आपण चढल्या चढल्या विचारतो, "कुठे उतरणार?" रबाळे, घणसोलीची बाई सापडली की तिची जागा आपली ठरते. ही पद्धत वाईट नाही, तिच्यात एक न्याय आहे. पण आपली ठरलेली जागा आठवड्यातून एकदा, न बोलता, उभ्या असलेल्या दुसऱ्या कोणाला देऊन बघा. लूकच्या चौदाव्या अध्यायात मेजवानीला मानाची जागा धरणाऱ्यांना प्रभूने 'खालच्या जागी जाऊन बस' असं जे सांगितलं, ते तुर्भ्यापर्यंत उभं राहिल्यावर पायांना समजतं.

मंडळीत एक न दिसणारं काम घ्या

नवा माणूस उत्साहाने येतो आणि थेट गायनाच्या गटात किंवा माइकजवळ जातो. मी त्याला आधी कपांकडे नेते. उपासनेनंतर चहा होतो. आमच्याकडे अजून स्टीलचे कप आहेत, नव्वद. मागच्या बाजूला एक नळ, दोन टोपल्या, एक घासणी. साय चिकटून वाळलेले कप असतात, काहींत बिस्किटाचा लगदा. एकाने घासायचे, दुसऱ्याने विसळायचे, तिसऱ्याने पालथे घालायचे. पंचवीस मिनिटं. तेवढ्यात पुढे सगळे एकमेकांना भेटून निघून गेलेले असतात, आणि बाहेर आलं की हॉल रिकामा असतो.

ते रिकाम्या हॉलमध्ये येणं महत्त्वाचं आहे. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं वचन तिथे अंगावर येतं. कोणी पाहिलं नाही, कोणी आभार मानले नाहीत, आणि आपल्याला ते खुपतं की नाही, हे तिथेच कळतं.

मला खुपलं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी नाताळचा मुलांचा कार्यक्रम मी बसवला होता. दोन महिने शनिवार-रविवार सराव, देवदूतांचे पंख घरी बसून शिवलेले. शेवटी आभारप्रदर्शनात मांडववाल्यापासून सगळ्यांची नावं घेतली गेली, माझं राहिलं. चुकून राहिलं होतं. मी तीन आठवडे महिला मंडळात गेले नाही, तब्येतीचं कारण सांगितलं. हे खोटंही होतं आणि मानासाठी होतं. त्यानंतर एका वयस्कर भगिनीने मला काही न बोलता कपांच्या नळाजवळ उभं केलं. मी तेव्हापासून तिथे आहे, आणि माझ्या मनातला तो कोपरा पूर्ण साफ झाला असं मी अजूनही म्हणणार नाही.

घरीही असं एक काम धरा जे 'आपलं' नाही. बाथरूम घासणं, ओला कचरा खाली नेणं. पुरुषांना हे मी मुद्दाम सांगते. सांगून करू नका, फोटो काढू नका.

सेवा घेताही आली पाहिजे

योहानाच्या त्याच तेराव्या अध्यायात पेत्र या शिष्याने पाय धुऊन घ्यायला नकार दिला होता, आठवतं? तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत, म्हणाला. ऐकायला नम्र वाटतं, पण प्रभूने ते मान्य केलं नाही. इथे एकट्या राहणाऱ्या मुला-मुलींमध्ये हे फार दिसतं. दुसऱ्यांसाठी धावतील, स्वतः तापाने पडले तर कोणाला कळवणार नाहीत. आजारी पडलात तर मंडळीतल्या एका घराला फोन करा आणि आलेली पेज मुकाट्याने प्या.

पगार, पाणी, कप

आपलं चारित्र्य पाळकांना कमी आणि घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींना जास्त ठाऊक असतं. म्हणून ही पायरी मी वेगळी ठेवली आहे. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये, असं लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे, आणि अडवून ठेवलेली मजुरी ओरडते असं याकोब पाचव्या अध्यायात लिहितो. तेव्हा पगार एक तारखेला, मावशींनी न मागता. "सुट्टे नाहीत, उद्या देते" बंद. त्यांचा कप वेगळा ठेवला असेल तर तो आजच इतर कपांत मिसळा. वॉचमनकाकांना नावाने हाक मारा. कुरिअरवाला जिना चढून आला तर पाणी विचारा.

मंडळीतसुद्धा एक जुनी सवय आहे, ती दुखते म्हणून लिहिते. नवा माणूस आला की "मूळ आडनाव काय? कोणत्या मिशनचे तुम्ही? कितव्या पिढीचे ख्रिस्ती?" असे प्रश्न येतात. नगरकडच्या जुन्या ख्रिस्ती घरांत मी वाढले, मला हे प्रश्न कुठून येतात ते ठाऊक आहे. ते जातीची चौकशी करतात, शब्द फक्त वेगळे. नव्या लोकांनी उत्तर द्यायचं बंधन मानू नये. जुन्यांनी ते विचारू नयेत.

क्षमा मागणं

इथे थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त माणसं या पायरीवर अडतात. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की वेदीपाशी अर्पण आणलं असताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. लक्षात घ्या, आपला राग आहे की नाही हा प्रश्नच नाही. त्याच्या मनात आहे, एवढं पुरे.

आमची सिडकोची जुनी इमारत. खालच्या घरातल्या आजी सांगत होत्या की त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल येते, आमच्या बाथरूममधून. मी म्हणाले, आमच्याकडून नाही, गच्चीतून येत असेल. चार महिने हेच चाललं. जिन्यात भेटल्या की मी मोबाइल काढायची. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आजींना प्रत्येक गोष्ट आमचीच दिसते." आणि त्याच रविवारी मी मंडळीत 'शेजाऱ्यावर प्रीती' यावर मुलांना धडा शिकवला.

शेवटी प्लंबर आणला. त्याने नाहणीची फरशी फोडली, ट्रॅपच्या जोडाभोवती बोट फिरवलं आणि ओलं बोट मला दाखवलं. पाणी आमचंच होतं.

खाली जायला मला दोन दिवस लागले. मनात वाक्यं जुळवत होते: "आजी, सॉरी, पण आम्हालाही माहीत नव्हतं..." त्या 'पण'मध्ये सगळं गेलं असतं. मी जे शेवटी बोलले ते असं होतं: "आजी, ओल आमच्याकडूनच होती. मी चार महिने तुम्हाला खोटं पाडलं, मीटिंगमध्येही. चूक माझी आहे. छताचं काम मी करून देते." आजी कॉटवर बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी वर पाहिलं, पोपडे आलेल्या छताकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "रंग पांढराच लावा. मागच्या वेळी पिवळा लावून ठेवला होता." बाकी काही नाही. मिठी नाही, रडणं नाही. मग पुढच्या मीटिंगमध्ये मी तेच वाक्य सगळ्यांसमोर पुन्हा म्हणाले, कारण अपमान सगळ्यांसमोर केला होता.

यातून निघालेल्या चार गोष्टी तुम्हाला देते. चूक नेमकी नावाने सांगा, "काही चुकलं असेल तर" असं म्हणू नका. 'पण' येऊ देऊ नका. भरपाई काय करणार ते सांगा, लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत करतो म्हटलं होतं. आणि समोरच्याने लगेच माफ केलंच पाहिजे अशी अपेक्षा घेऊन जाऊ नका. मुलांची क्षमा मागतानाही हेच. आपल्या घरांत आई-वडील मुलांची क्षमा मागत नाहीत. मागून बघा.

सोसणं आणि नम्रता यांतला फरक

हे बायकांसाठी विशेष. नवरा हात उगारतो आणि वडीलधारे सांगतात, नम्र हो, सोस, प्रार्थना कर. हे सांगणं चुकीचं आहे. योहानाच्या अठराव्या अध्यायात एका कामदाराने, म्हणजे शिपायाने, प्रभूला चपराक मारली, तेव्हा प्रभू गप्प राहिला नाही. मी वाईट बोललो असेन तर सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर का मारतोस, असं त्याने तोंडावर विचारलं. मार खाणाऱ्या व्यक्तीने सुरक्षित जागी जावं, 112 किंवा महिलांसाठीच्या 181 या क्रमांकावर फोन करावा. 2005चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा तिच्या बाजूने आहे. मंडळीतल्या कोणी हे झाकायला सांगितलं तर ऐकू नये. ऑफिसात खोट्या बिलावर सही करायला सांगितली तर "नाही" म्हणणंही याच खात्यात येतं. आवाज शांत ठेवा, सही करू नका.

'लहान' हा शब्द

आपल्या मातीत हा शब्द जुना आहे. तुकोबांनी देवाकडे लहानपण मागितलं. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले आपले कवी नारायण वामन टिळक तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले, असं स्वतःबद्दल सांगत. आणि आपल्या ठाण्यात, 1321 साली, चार फ्रान्सिस्कन संन्यासी ख्रिस्तासाठी मारले गेले. त्यांच्या संघाचं नाव 'लहान बंधू' असं आहे. आसिसीच्या फ्रान्सिसने ते नाव मुद्दाम निवडलं होतं. तलावपाळीवरून जाताना मला कधी कधी ते चौघे आठवतात. सातशे वर्षांपूर्वी या खाडीच्या गावात 'लहान' म्हणवून घेणारी माणसं आली होती.

रात्र, आणि घसरल्यावर

झोपण्याआधी सकाळचा कागद काढा. त्या नावाशी आज कसं वागलो? आज कोणाचं श्रेय घेतलं? कोणाची क्षमा मागायची राहिली? उत्तर वहीत एका ओळीत लिहा. चांगलं वागलो त्याची नोंद करू नका. ती वही लवकरच गुणपत्रिका होते, आणि मग लूकच्या अठराव्या अध्यायातल्या परुश्यासारखं होतं, तोही मंदिरात स्वतःच्या उपासांचा आणि दशांशाचा, म्हणजे देवाला दिलेल्या दहाव्या हिश्श्याचा, हिशोब वाचत होता.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घसरण होते. सगळ्यांची होते. एखाद्या सकाळी वाचन राहतं, जुनी भाषा तोंडात येते, मग वाटतं हे ढोंगच होतं. अशा वेळी नव्या संकल्पांची यादी करू नका. एकच गोष्ट परत सुरू करा, आणि ती कपांची असली तर उत्तम, कारण तिथे मनाची तयारी लागत नाही, नळ उघडला की झालं. गलतीकरांस पत्रात पौल प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन यांना आत्म्याचं फळ म्हणतो. कोकणातल्या कोणालाही विचारा, आंब्याला फळ धरायला किती वर्षं जातात. मशागत आपली, फळ देणारा तो.

किती प्रगती झाली हे स्वतः ठरवू नका. सहा महिन्यांनी घरातल्या एका माणसाला विचारा, "माझं काय बदललं, काय नाही?" आणि उत्तर येईल ते मध्ये न बोलता ऐका. मी दर ईस्टरनंतर माझ्या मुलीला विचारते. यंदा तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "बाबांवर ओरडणं कमी झालंय. पण मी फोनवर काही सांगत असले की अजून मध्येच तोडतेस." आता रोज रात्री तिचा फोन येतो तेव्हा मी आधी खुर्चीत बसते, पंखा कमी करते आणि ती "बास, एवढंच" म्हणेपर्यंत थांबते.